खोका उघडायचा नाही

वॉशिंग मशीनमध्ये ओली चादर एकटी टाकली की बस होते, आणि चादरीसोबत दोन टॉवेल टाकले की आगगाडी होते, हा शोध बाबाने रविवारी सकाळी लावला. दुपारपर्यंत त्याने जेवणाचं टेबल ढकलत ढकलत स्वयंपाकघरात नेऊन मशीनला चिकटवलंसुद्धा.

"एकटी चादर पिळताना एका बाजूला गोळा होते," तो भिंगरीला समजावत होता. "मग मशीन उड्या मारतं. ती बस. टॉवेल टाकले की वजन जरा पसरतं, मशीन नुसतं डुलतं. ती गाडी."

"आणि माझा बूट टाकला तर?"

"तर आत्या आपल्या दोघांना घराबाहेर काढेल."

तरीही बूट टाकून बघावाच, असं दोघांच्याही चेहऱ्यावर बराच वेळ लिहिलेलं होतं.

भिंगरी पाच वर्षांची. तिला भिंगरी का म्हणतात हे तिच्यासोबत एक जिना चढलं की कळतं. बाबा ज्या प्रयोगशाळेत नोकरीला होता तिथे कारखान्यांमधून खोके येत. कुणाचे कप, कुणाचे दिवे, कुणाच्या औषधाच्या बाटल्या. बाबा ते खोके एका थरथरणाऱ्या लोखंडी पाटावर बांधायचा आणि बटण दाबायचा. खोका जागचा हलत नसे, पण ट्रकमधून डोंगर ओलांडून आल्याइतका दमत असे. थोडक्यात, जागच्या जागी प्रवास घडवणं हाच बाबाचा धंदा होता. त्यामुळे घरात आगगाडी चालवायची म्हटल्यावर त्याच्या अंगात जे वारं शिरलं त्यात नवल नव्हतं.

गाडी चालवायची वेळ का आली, तर आईमुळे. आई लांबच्या एका नदीवर पुलाच्या कामावर होती. शेवटचा खांब उभा राहीपर्यंत तिला घरी येता येणार नव्हतं. सुट्टी मिळणार होती ती फक्त येत्या शनिवार-रविवारची. तिकडे जाणारी आगगाडी एकच, शुक्रवारी संध्याकाळी सुटून सकाळी पोचणारी. म्हणजे रात्र गाडीत काढायची. आणि घोडं नेमकं तिथेच अडलं होतं.

मागच्या खेपेला ते बसने निघाले होते. भिंगरीच्या डोळ्याला डोळा लागला नाही. ती आधी कुरकुरली, मग रडली, मग तिने असं भोकाड पसरलं की चहासाठी थांबलेल्या बसमधल्या लोकांनी चहा पुन्हा मागवला. अर्ध्या वाटेत बाबाने हात टेकले आणि उलट्या दिशेची बस धरली. तिकडे आई फुगा घेऊन उभी. तो फुगा शेवटी कंडक्टरने घरी नेला म्हणे.

तेव्हापासून आत्याने हट्ट धरला होता. आत्या म्हणजे बाबाची थोरली बहीण. ती वरच्याच मजल्यावर राहायची, तलावावर मुलांना पोहायला शिकवायची आणि गळ्यातली शिट्टी घरातही काढायची नाही.

"तू एकटा जा," ती म्हणाली. "पोर माझ्याकडे राहील. तिचे हाल, तुझे हाल, गाडीभर लोकांचे हाल."

"मी आईकडे जाणारच!" भिंगरी टेबलाखालून ओरडली.

"झोपशील गाडीत?"

"झोपेन! पटकन झोपेन! उडी मारून झोपेन!"

आत्याने कपाळावर हात मारला. पण शिस्तीची माणसं न्यायाचीही असतात. तिने तोडगा काढला. घरात चाचणी घ्यायची. मशीन बंद होईपर्यंत भिंगरी शांत झोपली तर शुक्रवारी बाबासोबत जाईल. नाही झोपली तर शुक्रवारी आत्याच्या घरी. परीक्षक आत्या. तक्रार चालणार नाही.

"मंजूर," बाबा म्हणाला. नापास होऊन मात्र चालणार नव्हतं, कारण महिनाभर फोनवर भिंगरी आईला रोज एकच गोष्ट सांगत होती: मी आले की तू मला पुलावरून चालवायचं.

तर दुपारी रात्र झाली. म्हणजे पडदे ओढले, खिडकीच्या फटीत वर्तमानपत्र खुपसलं, आणि टेबलाखाली गादी घालून खालचा बर्थ तयार केला. वरचा बर्थ खुद्द टेबल. त्यावर बाबा. टेबल चार माणसांच्या जेवणासाठी केलेलं असल्यामुळे बाबाचे पाय गुडघ्यापासून पुढे मोकळ्या हवेत होते.

"तिकीट!" आत्या दारातून आली. भिंगरीने आत्याच्या हातावर बिस्किट ठेवलं. आत्याने त्याचा एक कोपरा खाऊन परत दिलं. "बरोबर आहे. प्रवाशांनी झोपून घ्यावं." आणि तिने अशी शिट्टी फुंकली की समोरच्या इमारतीतलं कुत्रं भुंकलं. बाबाने पाय लांब करून अंगठ्याने बटण दाबलं. मशीन गुरगुरलं, डुललं. मशीनसोबत टेबल डुललं, टेबलासोबत बाबा, आणि खाली भिंगरी खिदळायला लागली.

गाडीने वेग घेतला तशी दारावर थाप पडली. खालच्या मजल्यावरचा शिंपी उभा होता, गळ्यात टेप, कानाला खडू.

"साहेब, माझा दिवा झोके घेतोय. कॉलर वाकडी शिवली गेली! काय चाललंय काय?"

"आगगाडी चाललीय," आत्या म्हणाली. "चढायचं तर चढा, दार उघडं ठेवू नका. उजेड येतो."

शिंपी दारात उभा राहून विचार करत राहिला. मग चपला काढून आत आला आणि फ्रिजला टेकून खाली बसला. "खिडकीची जागा दिली असती तर बरं झालं असतं," म्हणाला. थोड्याच वेळात तो घोरायला लागला. बाबाला धन्य वाटलं. मशीनला जे जमलं नव्हतं ते शिंप्याने जमवलं होतं. आता ही अगदी खरी गाडी होती.

भिंगरीचं खिदळणं थांबलं. तिचा श्वास लांब झाला. बाबाने टेबलाच्या कडेवरून डोकं खाली सोडलं.

"झोपलीस?"

"हं... नाही," भिंगरी डोळे चोळत म्हणाली.

"झोप, झोप."

पुन्हा शांतता. मशीन डुलत होतं. बाबाचं डोकं पुन्हा खाली आलं. "थंडी वाजतेय का?"

"नाही."

"उशी नीट आहे ना?" जरा वेळाने. आणि मग, "शू आलीय का? आली असली तर सांग, लाजू नकोस." आणि मग, आपणच जवळजवळ वरून घसरत, "भीती नाही ना वाटत? घाबरू नकोस हं. घाबरण्यासारखं काही नाहीच आहे."

आता घाबरण्यासारखं काही नाही असं कुणी इतक्यांदा सांगितलं, तर शहाणं माणूसही इकडेतिकडे बघायला लागतं. भिंगरी उठून बसली. तिचं डोकं टेबलाला आपटलं. आणि जे भोकाड बसमध्ये पसरलं होतं ते स्वयंपाकघरात पसरलं.

आत्याने शिट्टी वाजवली. "नापास."

शिंपी दचकून जागा झाला. "माझं स्टेशन आलं?"

सोमवारी आत्याच्या तलावावर स्पर्धा होती, म्हणून भिंगरी बाबासोबत प्रयोगशाळेत गेली. बाबाचं तोंड उतरलेलं. आईला काय सांगायचं, तो मनातल्या मनात वाक्यं जुळवत होता आणि एकही जुळत नव्हतं. पाटावर काचेच्या बाटल्यांचा खोका थरथरत होता. त्यावर लाल पट्टी चिकटवलेली होती. भिंगरी खुर्चीवर चढली आणि झाकणाकडे हात नेला.

"अं हं!" बाबा लाल पट्टीकडे बोट दाखवत ओरडला. "चाचणी चालू आहे. खोका उघडायचा नाही."

"मला बघायचंय बाटल्या फुटल्या का."

"मलाही बघायचंय. पण पाट थांबेपर्यंत नाही."

"का?"

हा प्रश्न बाबाच्या आवडीचा होता. क्षणभर त्याचं दुःख पळालं. "हे बघ, आपण मध्येच झाकण काढलं, हात घातला, बाटल्या हलवून बघितल्या. आणि मग एक फुटली. तर ती कशाने फुटली? हादऱ्याने की आपल्या हाताने? कळणारच नाही. सगळी चाचणी वाया."

भिंगरीने खोक्याकडे बघितलं. मग बाबाकडे बघितलं.

"मग तू मला का उघडत होतास?"

पलीकडच्या टेबलावर त्याच्या साहेबीण बाई चहा पीत होत्या. त्यांना ठसका लागला.

"म्हणजे?" बाबा म्हणाला, जरी त्याला सगळं कळलं होतं.

"मी झोपले की तू उघडायचास. झोपले की उघडायचास. बसमध्येपण." भिंगरी खुर्चीवरून उतरली. "मी नाही फुटले. तूच फोडलंस."

बाबाला बस आठवली. दर वळणाला आपण घोंगडी वर करून बघत होतो, ते आठवलं. या पोरीला झोप येत नाही असं महिनाभर सगळ्यांना सांगत फिरलो, तेही आठवलं. त्याला लाज वाटायला हवी होती. थोडी वाटलीही. पण लाजेच्या मागून हसू असं उसळून आलं की त्याने भिंगरीला उचलून पाटाभोवती गरकन फिरवलं आणि बाईंनी चहाचा कप सावधपणे बाजूला घेतला.

संध्याकाळी आत्यापुढे अर्ज गेला.

"तक्रार चालणार नाही म्हटलं होतं ना?"

"तक्रार नाही, ताई. चाचणीच चुकीची झाली. नमुना चांगला होता. परीक्षा घेणारा बिघडला होता."

"म्हणजे तू."

"म्हणजे मी."

"हे मला तू पाच वर्षांचा असल्यापासून माहीत आहे," आत्या म्हणाली. पण ती हसली, आणि तिथेच निम्मं काम झालं. "ठीक आहे. पुन्हा गाडी सोडा. या वेळी भिंगरीकडे मी बघणारच नाही. मी तुझ्याकडे बघणार. एकदा जरी डोकं खाली आलं तर तू एकटा जाशील."

गुरुवारी गाडी पुन्हा सुटली. शिंपी स्वतःची उशी घेऊन वेळेआधीच आला होता. आत्या स्टुलावर बसली, शिट्टी ओठांत. बाबा टेबलावर आडवा. खाली काहीतरी खुडबुडलं. बाबाची मान वळायला लागली, आत्याचे गाल फुगले, मान जागेवर आली. खालून खोकला आला. बाबाने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. मग खालून काहीच आलं नाही, आणि ते सगळ्यात कठीण होतं. शिंपी घोरत होता. टॉवेल गरगरत होते. बाबाच्या नाकाला खाज सुटली, पाय हवेत गोठले, मनात शंभर प्रश्न आले आणि एकेक करून परत गेले. शेवटी मशीनने धापा टाकल्या आणि ते थांबलं.

आत्या स्टुलावरून वाकली. बराच वेळ वाकलेलीच राहिली. मग तिने शिट्टी ओठांतून काढून हळूच मुठीत धरली, आणि न वाजवता म्हणाली, "पास. दोघंही."

शुक्रवारी गाडी फलाटावरून हलली तेव्हा दिवे नुकतेच लागले होते. आत्या धावत धावत खिडकीतून सूचना देत होती आणि शिंप्याने मुद्दाम शिवलेली भिंगरीच्या मापाची गादीची खोळ बर्थवर अगदी चपखल बसली होती. भिंगरीने पांघरूण डोक्यावरून घेतलं, मग एक हात बाहेर काढून पांघरुणावर काहीतरी चिकटवलं आणि हात आत घेतला. बाबा वरच्या बर्थवर चढला. गाडी डुलायला लागली. अगदी चादर आणि दोन टॉवेल.

जरा वेळाने त्याचं डोकं कडेवरून खाली गेलं. एकदाच, नुसतं बघायला. पांघरुणावर प्रयोगशाळेतली लाल पट्टी होती.

त्याने डोकं वर घेतलं. तोंड दाबून हसताना बर्थ हलला.

खालून पांघरूण सळसळलं. लाल पट्टी चिकटवलेला कोपरा आतूनच वर झाला.

"बाबा," दबका आवाज आला. "झोपलास?"

बाबाने डोळे मिटले आणि शिंप्यासारखं घोरायला सुरुवात केली.

"झोपला," भिंगरी स्वतःलाच म्हणाली आणि तिने कूस बदलून पांघरूण पुन्हा ओढून घेतलं.