गळालेला फर्मा

बाइंडिंगच्या दुकानात पुस्तक अपुरं निघालं की म्हातारे बाइंडर एक चिठ्ठी लिहून पहिल्या पानावर डकवत: ‘फर्मा मुळातच कमी. बांधणाऱ्याचा दोष नाही.’ फर्मा म्हणजे सोळा पानांची घडी. चाळीस वर्षांत त्यांनी अशा शेकडो चिठ्ठ्या डकवल्या, आणि त्यांतली एकही स्वतःच्या नावावर नव्हती.

त्यांच्याच घरात मात्र दोष कुणाचा ते न तपासताच ठरलं होतं. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही, म्हणजे सुनेचा. तिच्या पाच तपासण्या झाल्या, पाचही चांगल्या. नवऱ्याची एकही नाही. पुस्तकाची पानं दोनदा मोजणाऱ्या माणसाला हे कधी खटकलं नाही. शेवटी डॉक्टरीणबाईंनीच नवऱ्याला बोलावून रक्त घेतलं. अहवाल आल्यावर बायको एवढंच म्हणाली, “आईंना तुम्ही सांगायचं. माझ्या तोंडून ते सबब वाटेल.”

तो ‘सांगतो’ म्हणाला आणि तीन आठवडे पुठ्ठे कापत राहिला.

एका दुपारी म्हातारे बाबा, सासूबाई, मुलगा आणि सून, चौघंही दुकानात घड्या घालत बसले होते. सासूबाईंचा नेहमीचा पाठ चालू झाला. “मला अकरा वर्षांनी हा झाला. अकरा वर्षं सासूचे टोमणे खाल्ले, पण कधी चेहरा पाडला नाही. हल्लीच्या मुलींना धीरच नाही.”

सुनेने घडीवरून ती पक्की करायची हाडाची पट्टी जरा जोरात ओढली. नवऱ्याने ते पाहिलं.

“आई, कमी माझ्यात आहे,” तो म्हणाला.

“कमी म्हणजे?”

“पुरुषाला पुरुष करणारं एक गुणसूत्र असतं. माझ्या त्या गुणसूत्रातला एक तुकडाच नाही. त्यामुळे बीज फार थोडं तयार होतं. समज, एक फर्मा गळालाय.”

बाबा चष्मा पुसत म्हणाले, “नीट मोजलं का त्यांनी? दोनदा?”

“दोनदा.”

“फर्मा आपोआप गळत नाही,” सासूबाई म्हणाल्या. त्याही चाळीस वर्षं दुकानात होत्या. “आधी बघायचं, मूळ गठ्ठ्यात होता का. हे गुणसूत्र येतं कुणाकडून?”

मुलगा खळीच्या डब्याकडे बघत म्हणाला, “बापाकडून. आईकडून ते येतच नाही. माझ्यातच तो तुकडा नव्याने गळाला असेल, किंवा बाबांकडूनच तसं आलं असेल. डॉक्टरीणबाई म्हणतात, बाबांचं रक्त बघितल्याशिवाय कळणार नाही.”

सासूबाईंनी हातातली घडी खाली ठेवली.

“अहो.”

“हं.”

“उद्या सकाळी रक्त द्यायचं.”

“अगं, या वयात कशाला उगाच...”

“अकरा वर्षं मी ‘उगाच’ ऐकलं. तुम्हाला एक सुई जड झाली?”

महिन्याभराने उत्तर आलं. तोच तुकडा बाबांकडेही नव्हता. अकरा वर्षं वाट पाहून एक मुलगा झाला होता, तोही नशिबाने. डॉक्टरीणबाईंनी पुढचंही सांगितलं होतं: थोडं का होईना, बीज आहे, ते घेऊन बाहेर गर्भ तयार करून बघता येईल, खात्री नाही. मुलगा झाला तर हीच कमी त्याच्याकडे जाईल. मुलीकडे नाही जाणार.

“मग मुलगीच होऊ दे,” बाबा एकदम उदार झाले.

“तुम्ही गप्प बसा. घराण्याचा वारसा पुरे झाला.” मग सासूबाई सुनेकडे वळल्या. माफी मागणं त्यांच्या वळणातलं नव्हतं. “अगं, मला अकरा वर्षं ऐकवलं, मी तुला सहा वर्षं ऐकवलं. उरलेली पाच तर मी गिळलीच की नाही?”

“पाच तुम्ही गिळलीत,” सून म्हणाली. “सहा मी गिळली, आई.”

सासूबाई बाबांच्या टेबलावरची ‘फर्मा मुळातच कमी’ची एक तयार चिठ्ठी उचलून म्हणाल्या, “खळ दे जरा.”

सुनेने डबा पुढे केला, ब्रशही बुडवून दिला. बाबा पुठ्ठा मापायला वाकलेले होते. त्यांच्या शर्टाच्या पाठीवर सासूबाईंनी चिठ्ठी डकवली, बाइंडर डकवतात तशी, चारी कोपऱ्यांना अंगठा दाबून.

“काय झालं?” बाबांनी विचारलं.

“धागा लागला होता,” सून म्हणाली.

बाबा तसेच चहाला बाहेर पडले. दोघी दारात उभ्या राहून त्यांची पाठ कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत होत्या.