तिसऱ्या खांबाखालची किटली

जावयाने नदीच्या तळातून आजवर काढलेल्या वस्तूंमध्ये सगळ्यात मौल्यवान होती ती दातांची कवळी. ती त्याने स्वच्छ घासून बैठकीच्या टेबलावर वाळत ठेवली, आणि नेमके तेव्हाच पाहुणे आले. त्यांच्यातल्या एका आजोबांनी ती आपलीच समजून तोंडात घातली आणि नीट बसेना म्हणून बायकोवर खेकसले. पाहुणे गेल्यावर सासूबाईंनी निकाल दिला. येत्या रविवारपर्यंत एक तरी खरी जुनी, किमती वस्तू सापडली, तर मागची खोली जावयाच्या सामानाला. नाहीतर हवेचा सिलिंडर, रबरी पोशाख आणि ती बदकासारखी पावलं, सगळं भंगारात.

सासूबाईंचा वैताग अगदीच खोटा नव्हता. गेली दोन वर्षं घरातली माणसं सिलिंडरला वळसा घालून आंघोळ करत होती.

रविवार उजाडला. दोरी धरायला सासरे आले. या नदीत डोळे उघडे ठेवा नाहीतर मिटा, दिसतं तेवढंच, म्हणजे काहीच नाही. सगळा कारभार हातांनी चाचपून चालतो आणि वरच्या माणसाशी बोलणं दोरीने. एक झटका म्हणजे ठीक आहे, तीन झटके म्हणजे ताबडतोब वर या. तीन झटक्यांना का, कशाला असं विचारायचं नसतं. आधी वर यायचं, मग भांडायचं.

पुलाच्या पहिल्या खांबाशी जावयाला एक चमचा सापडला, दुसऱ्याशी सायकलची घंटी. तिसऱ्याशी त्याने गाळात हात घातला मात्र, दोरीला तीन झटके बसले. तो धापा टाकत वर आला. सासरे म्हणाले, ढग आलेत. आकाश लख्ख होतं. तो पुन्हा गेला, पुन्हा तीन झटके. या वेळी सासऱ्यांना शिंक आली होती. तिसऱ्यांदा जावयाने दोरी कमरेची सोडून खांबाला बांधली. सासरे खांबाला झटके देत राहिले. खांब काही वर आला नाही.

जावई वर आला तेव्हा त्याच्या हातात चांदीची किटली होती. काळीठिक्कर पडलेली, पण झाकणावर सासूबाईंच्या पणजोबांची आद्याक्षरं स्पष्ट. बावीस वर्षांपूर्वी घरातून नाहीशी झालेली तीच. ती जाऊबाईंनीच ढापली असं सासूबाई ठासून सांगत, आणि तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं.

सासऱ्यांनी आधी वर पायऱ्यांकडे पाहिलं.

"मीच टाकली," ते हळूच म्हणाले. "अकरा वर्षं दर रविवारी घासली मी ती. तोटीच्या आत काडीला कापूस लावून. तुम्ही कधी तोटी आतून घासलीय?"

जावयाने घासली नव्हती. पण त्याला मागची खोली हवी होती आणि सासऱ्यांना उरलेलं आयुष्य. कोणाचं ऐकावं, या विचारात तो किटलीतलं पाणी ओतत असतानाच सासूबाई चहाचा थर्मास घेऊन पायऱ्या उतरल्या. किटली लपवण्यासारखी वस्तू नव्हती. सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले.

सासूबाईंनी किटली हातात घेतली, झाकण उघडलं, आत पाहिलं.

"ही आमची नाही."

जावयाने झाकणावरची अक्षरं दाखवली. सासूबाई म्हणाल्या, जगात एकाच माणसाची आद्याक्षरं अशी असतात की काय. जावयाने बुडाचा पोचा दाखवला, जो पडल्याची गोष्ट त्या स्वतःच दर वाढदिवसाला सांगत. त्या म्हणाल्या, चांदी मऊच असते. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. किटली सापडली, की जाऊबाईंच्या दारात जाऊन माफी मागणं आलं.

"असू दे मग," जावई म्हणाला. "कोणाचीच नाही म्हटल्यावर संग्रहालयाला देतो. पेपरात फोटो येईल. तुमच्या जाऊबाईंच्या घरी येतो ना पेपर?"

सासूबाईंनी थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि सावकाश प्यायला. मग विचारलं, "मागची खोली कधीपर्यंत रिकामी करून हवीय?"

ठरलं. किटली होती तिथेच जाणार. जावयाने पुन्हा मुखवटा चढवला, दोरी कमरेला बांधली. सासऱ्यांचा चेहरा बावीस वर्षांनी तरुण झाला होता.

"आणि जरा खोल पुरा," सासूबाई थर्मासचं झाकण पुसत म्हणाल्या. "यांनी तेव्हा पुलावरून नुसती भिरकावली होती. मी खिडकीतून बघत होते. म्हटलं, बरंच झालं. जाऊबाईशी बोलणं सोडायला निमित्त शोधतच होते मी."

सासऱ्यांनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा गढूळ पाण्याकडे. मग दोरी खाली ठेवून त्यांनी जावयाला विचारलं, "माझ्या मापाचा पोशाख मिळेल का हो?"