पुसलेल्या ओळी

"'मला माणसांत मिसळायला फार आवडतं,' असं तू पत्रात लिहिलंयस," कोच ब्रूनर हातातला कागद टेबलावर ठेवत म्हणाल्या. "खरं आहे?"

"नाही," मॅरन म्हणाली. "मला एका वेळी एकच माणूस झेपतो. ते बाबाने लिहिलंय."

आपल्या स्वयंपाकघरात कॉफी ओतता ओतता ग्लेन हावरकॅम्पचा हात थांबला.

ग्लेन धान्याच्या कोठारांतली यंत्रं दुरुस्त करायचा. नेब्रास्कातल्या त्या गावात त्याच्या शब्दावर कुणी शंका घेत नसे. मॅरन त्याची एकुलती एक मुलगी. चार वर्षं, हिमात आणि उन्हात, ती रोज पहाटे धावण्याचा सराव करत होती. आता शाळेचं शेवटचं वर्ष. बत्तीसशे मीटर ती दहा मिनिटं बावन्न सेकंदांत कापायची. संघात घ्यावं म्हणून वेगवेगळ्या कॉलेजांच्या, ब्रूनरसह, चौदा कोचना पत्रं लिहिली तीही तिनेच. पाठवायच्या आधी ग्लेनने ती 'जरा नीट' केली होती, एवढंच.

"मी काय लिहिलं होतं ते सांगू?" मॅरन खिडकीकडे बघत म्हणाली. "मला ऑटिझम आहे. सूचना एकेक करून सांगा. शर्यत सुरू करायच्या पिस्तुलाच्या आवाजाचा त्रास होतो म्हणून मी कानात बोळे घालते. बाबाने ते पुसलं."

कोच ब्रूनर ग्लेनकडे वळल्या. "का हो?"

"तिला निदान एकदा कुणी धावताना बघावं म्हणून," ग्लेन म्हणाला. "आधीच कळलं असतं तर तुम्ही पत्र बाजूला टाकलं असतं."

"माझ्या संघात अशी एक मुलगी आहे. तिसरं वर्ष तिचं. मागच्या महिन्यात मॅरन आमच्या कॉलेजात संघाला भेटायला आली, तेव्हा मुलींनी तिला गजबजलेल्या जेवणघरात नेलं. गाणी लावलेली, सगळ्या एकदम बोलतायत. ही उठली ती दोन तास जिन्याखाली जाऊन बसली. मुली म्हणाल्या, शिष्ट आहे. मीही तेच धरून चालले आणि तिच्यासाठी ठेवलेली संघातली जागा दुसरीला दिली. शनिवारी राज्य स्पर्धेत हिला धावताना पाहिलं, तेव्हा राहवलं नाही म्हणून आले."

म्हणजे पोर दोन तास जिन्याखाली होती. घरी येताना ग्लेनने गाडीत विचारलं होतं, "मजा आली ना?" आणि तिच्या उत्तराची वाट न बघता रेडिओ लावला होता.

"बाबा, तुला माझी लाज वाटते?" मॅरनने विचारलं. किती वाजले असं विचारावं, तशा आवाजात.

"नाही गं, छे!"

"मग पुसलं का?"

चर्चमध्ये, दुकानात, 'पोर बोलत का नाही?' असं कुणी विचारलं की 'लाजाळू आहे' म्हणून तो विषय बदलायचा. सतरा वर्षं. ग्लेनचे कान तापले. पाहुणीसमोर मान वर करवेना.

"वाटायची," तो म्हणाला. "कधी कधी."

मॅरनने मान डोलावली. "हे खरं बोललास."

निघताना कोच ब्रूनर म्हणाल्या, की यंदा शिष्यवृत्ती उरलेली नाही. पण ऑगस्टमध्ये येऊन संघाबरोबर धावून दाखव, मग बघू. मॅरनने तारीख विचारली, राहायचं कुठे ते विचारलं, खोलीत आणखी कितीजणी असतील ते विचारलं. त्यांनी प्रत्येक गोष्टीचं वेगळं उत्तर दिलं.

गाडी गेल्यावर मॅरन कंप्युटरपाशी बसली.

"बाकीच्या तेराजणांना परत लिहायला हवं," ती म्हणाली आणि टाइप करू लागली: 'आधीचं पत्र माझे वडील ग्लेन हावरकॅम्प यांनी बदललं होतं. हे मी लिहिलंय.'

"माझं नाव घालायलाच हवं का?"

"खोटं आहे?"

"नाही."

"मग राहू दे. वेळ लागेल. तू बस हवं तर."

"नको," ग्लेन म्हणाला. "उभाच राहतो."

एकेक पत्र जात राहिलं. प्रत्येक वेळी तिने त्याचं नाव पुन्हा वाचून, स्पेलिंग तपासून पाहिलं. तेराही पत्रं जाईपर्यंत तो तिच्या खुर्चीमागे उभा होता.