दोन्ही बाह्या डाव्या

“काकू, ही बाही अशी मागे का जातेय?”

पुढच्या टेबलावरच्या उंच मुलीने विचारलं आणि काकूंनी वळून पाहिलं. पुतळ्याला टाचलेल्या जाकिटाची डावी बाही शहाण्यासारखी खाली लोंबत होती; उजवी मात्र घरात भांडून निघाल्यासारखी पाठीमागे चालली होती.

काकूंनी बाहीचा कागदी फर्मा पाहिला. झालं, घात झाला होता! फर्मा पालथा न करता त्यांनी दोनदा तसाच आखला होता. म्हणजे दोन्ही बाह्या डाव्या. शिवण शिकायला आलेली पोर पहिल्या महिन्यात करते ती चूक, आणि ती केली कुणी, तर छत्तीस वर्षं कात्री चालवलेल्या बाईने, बत्तीस पोरांच्या देखत. कापड एका अंगाने छापील, दुसऱ्या अंगाने फिकं. तेव्हा बाही उलटी करून वेळ मारून न्यायचीही सोय नव्हती. नवी कापावी तर ते छापील कापड संपलं होतं; मुलांपुढे होतं ते सरावाचं मांजरपाट.

त्या कला महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी एकेका दिवसाच्या कार्यशाळा भरत. कुणी माती घेई, कुणी पत्र्यातून आवाज काढायला शिकवी. तिथल्या तरुण मॅडम एकदा कोट सैल करून घ्यायला काकूंच्या शिवणाच्या दुकानात आल्या आणि तासभर नुसत्या त्यांचे हात बघत बसल्या. जाताना म्हणाल्या, “हे आमच्या मुलांना शिकवाल?” विभागप्रमुख सरांनी नाक मुरडलं. “एक दिवस करून बघा. दुपारी मी येईन, मग पुढचं ठरवू.” घरी काकूंचे यजमान पोट धरून हसले. “सातवी पास बाई कॉलेजात!” पण सकाळी डबा त्यांनीच भरून दिला होता.

काकूंना ही कार्यशाळा मनापासून हवी होती. दुकानात आता पॅन्ट आखूड करणं आणि चेनी बदलणं एवढंच काम उरलं होतं. लेक म्हणायची, “आई, सगळं तयार मिळतं गं.” मिळत असेल. पण हातातलं एवढं सगळं कुणालाच न देता जायचं, या विचाराने काकूंना झोप लागत नसे.

आणि आता ही बाही! मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला होता.

काकूंनी कात्री खाली ठेवली. “चुकले मी. दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या.”

खोलीत हशा पिकला. काकूंच्या कानशिलापर्यंत लाली चढली. वाटलं, पिशवी उचलावी आणि चालू पडावं. तेवढ्यात ती उंच मुलगी म्हणाली, “मग हे जाकीट कुणालाच नाही होणार?”

“कुणालाच कसं?” काकू फणकारल्या. शिवलेला कपडा कुणालाच होणार नाही, हे ऐकून घ्यायची त्यांना सवय नव्हती. “घाल बघू!”

मुलीने ते टाचलेलं जाकीट जपून अंगात घातलं. हात आपोआप पाठीमागे गेला.

“बघा. मागे हात बांधून उभं राहणाऱ्या माणसाचं जाकीट आहे हे,” काकू म्हणाल्या. “आमच्या गल्लीतल्या पोस्टमनचा एक खांदा पिशवीने उतरलाय. नर्सबाईंची मान डावीकडे. कुणाचंही अंग दोन्हीकडून सारखं नसतं रे पोरांनो! तयार कपडेवाल्यांना ते ठाऊक नाही, मला ठाऊक आहे. आता टेप ठेवा बाजूला. तुमच्या ओळखीचं एक वाकडं माणूस डोळ्यांपुढे आणा आणि त्याच्यासाठी कापा.”

“चुकलं तर?”

“चुकेलच. मी आहे ना!”

मग काय विचारता! कात्र्या अशा सुटल्या की बोलायची सोय नाही. एकाने खिडकीला टेकून बसणाऱ्या आत्यासाठी एक बाजू लांब ठेवली. उंच मुलीने आजोबांसाठी सदरा बेतला. लकवा झाल्यापासून त्यांचा उजवा हात छातीशीच असायचा. तिने ती बाही आधीपासूनच दुमडून लावली. ते पाहून काकूंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

सर आले तेव्हा भिंतीवर बत्तीस वाकडे कपडे टांगले होते. ते एकेकापुढे थांबत गेले. आजोबांच्या सदऱ्यापाशी बराच वेळ थांबले.

“हे असं आधी ठरलं होतं?”

“नाही सर. चूक झाली होती,” काकू म्हणाल्या. “त्याच्यापुढचं मात्र चूक नव्हतं.”

सर पहिल्यांदाच हसले. “सहा तुकड्या आहेत. सगळ्यांना घ्याल? दर वर्षी? पण ती चूक दर वेळी मुद्दाम करावी लागेल.”

“छे! मुद्दाम नाही जमायचं. त्यांच्या चुका ते करतील की.”

पोरांनी टाळ्या वाजवल्या, टेबलं बडवली. मग उंच मुलगी पुढे येऊन ताठ उभी राहिली. “काकू, माझा कुठला खांदा खाली आहे?”

“डावा. अर्धं बोट.”

तिच्यामागे दुसरा आला, तिसरी आली; बघता बघता दारापर्यंत रांग लागली. काकू एकेकाच्या खांद्यांवर हात ठेवत होत्या, सांगत होत्या. कुणी खुशीत, कुणी हिरमुसून पुढे सरकत होतं. रांग संपत आली तेव्हा शेवटी सर उभे होते, कोट काढून हातावर घेतलेला.

“उजवा,” काकू म्हणाल्या. “चांगलं पाऊण बोट.”

सरांनी चटकन खांदा उचलला.

“असू दे,” काकू म्हणाल्या. “तसेच उभे राहा.”

सर तसेच उभे राहिले.