खिडकीला लावलेला तिसरा भाग

मित्रांनो, माझ्या मुखपृष्ठावर आग ओकणारा ड्रॅगन आहे आणि माझ्या पोटात एकही ड्रॅगन नाही. माझ्या सगळ्या दुःखाची सुरुवात तिथूनच झाली, म्हणून आधी तेच सांगून टाकतो.

मी ‘धूम्रध्वज’ नावाच्या युद्धकथेचा तिसरा भाग. आम्ही पाच भावंडं. धुक्याच्या राज्यातली एक पलटण, तिची मोठी लांबलचक मोहीम आणि धुक्याच्या भिंती उभारणारे मांत्रिक, अशी आमची गोष्ट. मांत्रिकानं एक भिंत उभी केली की त्याची एक आठवण कायमची पुसली जाते. असं काय काय आमच्या लेखकानं रचलं होतं. मी भावंडांत सगळ्यात जाड. छापखान्यात माझी शिवण घालणारा कारागीर मला तळहातावर तोलून म्हणाला होता, “याला उशी म्हणूनही वापरता येईल.” तेव्हा मला तो कौतुकाचा शब्द वाटला. लोक पुढे मला कशाकशाला वापरणार आहेत, याची मला कल्पना नव्हती.

आम्ही पाचही जण एका वाचनालयात आलो. लांबट खोली, एका बाजूला कपाटं, मधे मोठं टेबल, त्याभोवती एकसारख्या नसलेल्या खुर्च्या. ग्रंथपाल म्हणजे एक शांत गृहस्थ. सगळे त्यांना काका म्हणत. दर रविवारी सकाळी टेबलाभोवती वाचकांची बैठक भरे आणि आमच्या मालिकेवर मतं मांडली जात.

मतं म्हणजे किती मतं, मित्रांनो. एक निवृत्त कारकून होते, त्यांना सगळे सरसेनापती म्हणत. त्यांना गोष्टीशी देणंघेणं नव्हतं. घोड्यांना चारा कुठून आला, एवढ्यावर ते सकाळ घालवत. “इतक्या घोड्यांना इतक्या वाळवंटात पाणी कोण पाजतं ते लेखकानं सांगावं,” असं म्हणून ते खुर्चीत मागे रेलत, जणू लेखक दाराबाहेर उभाच आहे. दुसरे एक बसचे कंडक्टर. त्यांना फक्त लढाया हव्यात. लढाई नसलेली पानं ते अंगठ्यानं फर्रकन उडवत. त्यांनी मला ड्रॅगनसाठी नेलं आणि ड्रॅगन सापडला नाही म्हणून परत आणून आदळलं. “फसवणूक आहे ही,” ते म्हणाले. चित्र काढणाऱ्यानं मला वाचलं नव्हतं, यात माझा काय दोष? पण ऐकतो कोण. कुणीतरी माझ्या एका समासात पेन्सिलीनं ‘कंटाळा’ असं लिहिलं. त्या पानावर एक सैनिक आपल्या मेलेल्या मित्राचे बूट पुसत असतो.

तरी मी हे सगळं सोसलं असतं. खरा घाव वेगळाच होता.

बैठकीला दोघी बहिणी येत. थोरली नर्स. बरीच वर्षं दूरच्या शहरातल्या इस्पितळात नोकरी करून ती नुकतीच इथल्या इस्पितळात बदलून आली होती. धाकटी याच गल्लीत शिवणकामाचं दुकान चालवायची. बैठकीतही तिच्या मांडीवर काहीतरी असायचंच, उसवलेली बाही नाहीतर न दुमडलेला काठ. ती फार बोलत नसे. पण बोलली की सगळे ऐकत, कारण ती न वाचता कधी बोलत नसे. त्यांचे वडील आजारी पडून अंथरुणाला खिळले होते आणि आदल्या वर्षी गेले. हे खोलीत सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी त्यावर बोलत नव्हतं.

त्या रविवारी विषय होता माझ्यातला पूल. सांगतो. पलटण माघार घेत नदी ओलांडते. पिछाडीची तुकडी अजून पलीकडेच असते, शत्रू तिच्या मागे लागलेला असतो. मुख्य सेनानी एक बाई आहे. ती पूल जाळायचा हुकूम देते. पलटण वाचते. पिछाडी पलीकडे राहते. सेनानी मागे वळून पाहत नाही.

सरसेनापतींनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर नदी काढली, पूल काढला आणि तो खोडला. “अगदी योग्य निर्णय,” ते म्हणाले. कंडक्टरांनी मान डोलावली. त्यांनी ते पान वाचलेलं नव्हतं.

थोरली म्हणाली, “तिला दुसरा इलाजच नव्हता.”

धाकटीची सुई थांबली. “इलाज नव्हता हे अलीकडच्या काठावर पोचल्यावर म्हणता येतं, ताई.”

“अगं, पण ती थांबली असती तर सगळेच गेले असते.”

“गेले असते की नाही कुणास ठाऊक. तिनं वळून तरी बघायचं होतं.”

“वळली असती तर पाय निघाला नसता.”

“कोणाचा? तिचा की तुझा?”

काकांनी उगाच चष्मा काढून पुसायला घेतला. थोरली हळूच म्हणाली, “बाबांनीच मला जा म्हटलं होतं.”

“हो. आणि मी राहते का, हे मला कुणी विचारलं नाही. तू तिकडे परक्या लोकांच्या बापांना कुशीवर वळवत होतीस ना, तेव्हा आपल्या बापाला मी वळवत होते. एका हातानं. दुसऱ्या हातात गिऱ्हाइकाची कापडं.”

एवढं बोलून तिनं समोर उघड्या पडलेल्या मला उचलून मिटलं आणि टेबलावर टाकलं. जोरात नाही टाकलं, पण मी जाड, माझा भार माझ्यावरच आला आणि पाठीची शिवण तडकली. “भिकार भाग आहे हा,” ती म्हणाली. “मी पुढे वाचणार नाही. याच्याशिवाय काही अडत नाही कुणाचं.” ती मांडीवरचं शिवणकाम उचलून निघून गेली.

मित्रांनो, माझी तडफड तुम्हाला कशी सांगू? पूल जळतो ते माझं शेवटचं पान नाही. त्यानंतर माझा चांगला मोठा भाग उरतो आणि त्या पुलाचं काय झालं ते सगळं त्यात आहे. मी ओरडून सांगितलं असतं, पण पुस्तकाला कुणी उघडल्याशिवाय तोंड नसतं.

धाकटीचा शब्द सगळ्यांनी मानला, पुढे वाचणार नाही म्हणाली ते मात्र विसरले. इतर वेळी तिचं म्हणणं वाचून आलेलं असे, म्हणून याही वेळी तसंच असणार असं सगळे धरून चालले. नवा वाचक आला की कंडक्टर त्याला सल्ला देत, “पहिला वाच, दुसरा वाच, मग थेट चौथा. तिसरा नुसता भरणा आहे.” लोक तसंच करू लागले. आणि मग चौथा वाचून चिडू लागले. कारण चौथ्यात सेनानी कुठेच नाही. “एवढी मोठी बाई गेली कुठे? लेखक विसरला की काय?” असं म्हणून सरसेनापतींनी एक अख्खा रविवार लेखकाला झोडपण्यात घालवला. बहुतेकांचं ठरलं की ती वाटेत मेली असावी. मी समोरच्या कपाटात उभा होतो, हाताच्या अंतरावर. उत्तर माझ्या पोटात होतं.

पुढे पुढे कुणाचा हातच माझ्याकडे वळेना. मी वरच्या फळीवरची पुस्तकं काढायला पायाखाली गेलो. मग पाण्याच्या पिंपाखाली गेलो आणि माझी खालची कड ओल धरून फुगली. शेवटी काकांनी मला खिडकीत लावलं. त्या खिडकीची कडी मोडली होती आणि वाऱ्यानं झडप आपटायची. माझ्या जाडीचं झडपेला बरोबर टेकण झालं. ऊन खाऊन ड्रॅगनचा रंग उडाला, त्याचं मात्र मला वाईट वाटलं नाही. चौघं भावंडं कपाटात, एकेक जण घरोघर फिरून येत होता, आणि मी खिडकीत बसून माझ्याबद्दलची मतं ऐकत होतो. न वाचता दिलेली मतं. राग यायचा. रागावून करतो काय, वाऱ्यानं फार तर चार पानं फडफडायची.

दोघी बहिणी आता एकत्र येत नव्हत्या. धाकटी रविवारी येई. थोरली आठवड्यातल्या मधल्या वारी येऊन पुस्तक बदलून जाई. एका दुपारी तिनं चौथा भाग परत केला आणि काकांना विचारलं, “तिसरा कुठंय?”

“तो कुणी नेत नाही हो,” काका जरा ओशाळून म्हणाले. “खिडकीला लावलाय.”

“मग खिडकीला दुसरं काहीतरी लावा.”

तिनं स्वतःच्या हातानं मला काढलं. ओढणीनं धूळ पुसली. इस्पितळात जेवणाच्या सुट्टीत, कपडे बदलायच्या खोलीतल्या बाकावर बसून ती मला वाचू लागली. पुलाच्या पानावर ती अडली, मला मिटून तिनं दुसऱ्या दिवशी परत तिथूनच सुरू केलं. मग पुढे गेली. शेवटचं प्रकरण वाचताना तिच्या डब्यातलं अन्न तसंच राहिलं. मैत्रिणीनं विचारलं, “काय गं, बरं नाही का?” तर म्हणाली, “बरंय. एक राहिलेलं वाचतेय.”

सुट्टीच्या दिवशी ती मला घेऊन थेट शिवणाच्या दुकानात गेली. दुकान म्हणजे एक खोली. मशीन, कापायचं टेबल, भिंतीशी शाळेच्या गणवेशांचा ढीग. धाकटीनं मान वर केली, मला ओळखलं आणि परत मशीन सुरू केलं.

“मी वाचते,” थोरली म्हणाली. “तू ऐकू नकोस हवं तर.”

मशीन चालूच. थोरली ढिगाशेजारच्या स्टुलावर बसली आणि आवाज चढवून वाचू लागली. मशीनच्या खडखडाटात माझे निम्मे शब्द वाहून जात होते. इतकी वर्षं वाट पाहून अखेर कुणीतरी मला मोठ्यानं वाचत होतं, आणि ऐकू जात नव्हतं. माझी काय चिडचिड झाली म्हणून सांगू.

ती वाचत होती ते असं: लढाई जिंकल्यावर सेनानी आपला ध्वज दुसऱ्याच्या हाती देते आणि एकटी त्या नदीवर परत जाते. पिछाडीतले काहीजण जगलेले असतात. जळक्या पुलाच्या लाकडांतून त्यांनी झोपड्या बांधलेल्या असतात. तिला पाहून कुणी सलाम करत नाही. कुणी तिच्यावर धावूनही जात नाही. ती काहीतरी बोलायला तोंड उघडते, तेवढ्यात त्यांचा म्हातारा स्वयंपाकी येतो आणि तिच्या हातात रिकामी बादली देतो.

मशीन थांबलं.

“परत वाच. बादलीचं.”

थोरलीनं परत वाचलं.

“मग? ती काय बोलते त्यावर?”

“काहीच नाही. पाणी भरते.”

“आणि ते माफ करतात तिला?”

“तसं लिहिलेलं नाही. ती रोज पाणी भरते, एवढंच. संपतं तिथं.”

“म्हणून चौथ्यात ती नाही.”

“म्हणून नाही.”

धाकटीनं सुईखालचं कापड काढून त्याची घडी घातली. थोरलीनं मला मिटून बाजूला ठेवलं. मला वाटलं आता ती माफी मागेल, मोठं काहीतरी बोलेल. माणसं माझ्यासारख्या पुस्तकांतून तसंच शिकतात. पण ती म्हणाली, “एवढ्या गणवेशांची काजं करायची आहेत?”

“तुला काजं येत नाहीत.”

“बटणं येतात लावता.”

धाकटीनं तिच्याकडे नीट पाहिलं. मग टेबलाच्या खणातून बटणांचा डबा काढला आणि तिच्याकडे सरकवला. “दोऱ्याला गाठ मार नीट. तुझी नेहमी सुटते.” दोघींनी त्या दुपारी पुस्तकाबद्दल एक शब्दही काढला नाही. मी ढिगावर पडून राहिलो. कुणाचंतरी माप लिहायला कागद सापडेना म्हणून धाकटीनं माझ्या कोऱ्या पानाकडे हात नेला, आणि मग मागे घेतला. तेवढं मात्र मी विसरणार नाही.

त्यानंतर धाकटीनं मला दुकानातच ठेवून घेऊन पुलापासून पुढचं सगळं स्वतः वाचलं. रविवारी दोघी बरोबर आल्या. कंडक्टर कुण्या नव्या वाचकाला सांगतच होते, की तिसरा नुसता भरणा आहे, यांनाच विचार.

“नाही आवडला मला,” धाकटी म्हणाली. माझी पानं गोठली. “पिछाडीवाल्यांच्या तोंडी लेखकानं दोन वाक्यं घालायला हवी होती. ते का गप्प बसले? मी असते तर बोलले असते. सेनानी अजून मला पटत नाही. पण हे मी शेवटचं पान उलटून सांगतेय. तुम्ही वाचलाय का?”

कंडक्टर सरसेनापतींकडे बघू लागले. सरसेनापती आपल्या कॅलेंडरवरच्या नकाशाकडे.

“मग आधी कोण नेतंय ते ठरवा,” ती म्हणाली.

मित्रांनो, माझ्याबद्दल इतकं कडक मत आजवर कुणी दिलं नव्हतं, आणि तेवढं एकच मी मान खाली घालून ऐकलं. शिवाय तिचं म्हणणं खरंच होतं, माझ्यात ती दोन वाक्यं नाहीत. काकांनी माझी पाठ चिकटवून दिली आहे. ओल धरलेली कड मात्र तशीच आहे, ती आता सरळ व्हायची नाही. तुम्ही मला घेऊन जा. आवडलो नाही तर खुशाल तसं सांगा, चारचौघांत सांगा. पण अर्ध्यात मिटून माझ्यावर निकाल देऊ नका. आणि खिडकीची कडी मोडली असेल, तर कृपा करून ती कडी दुरुस्त करा.