सुटलेल्या दोन ओळी

क्षितिजा शांती नगरमध्ये राहायची, विमा कंपनीच्या ऑफिसात नोकरी करायची आणि दर रविवारी सकाळी खारी गावात जाऊन चांदणीला अभ्यास वाचून दाखवायची. चांदणीला जन्मापासून दिसत नव्हतं. ती कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होती. पुसट झेरॉक्सपुढे मोबाइलचं वाचून दाखवणारं अ‍ॅप हात टेकायचं, म्हणून वाचायला माणूस लागायचा. ते वाचन चांदणी छोट्या रेकॉर्डरवर घ्यायची आणि आठवडाभर ऐकायची.

परीक्षेला महिना उरला असताना चांदणीने सांगितलं, की तिचं एक उत्तर मैत्रिणीच्या उत्तराशी जुळत नाहीये. दोघींनी रेकॉर्डिंग लावलं. क्षितिजाला स्वतःचा आवाज ऐकू आला, मग मोबाइलची थरथर, क्षणभर शांतता, आणि पुन्हा आवाज. पान काढून पाहिलं, तर तेवढ्यात दोन ओळी सुटल्या होत्या. नियमाचा अपवाद नेमका त्यांतच होता.

क्षितिजाचा चेहरा उतरला. मेल अर्धा वाचून उत्तर देणं, जेवताना रील बघणं, हे आजवर तिला चालून गेलं होतं. इथे चांदणीचं वर्ष गेलं असतं. तिने माफी मागितली.

"तुमचं लक्ष गेलं की मला आवाजात कळतं, ताई," चांदणी म्हणाली. "पण बोलले नाही. तुम्ही यायच्या बंद झालात तर?"

क्षितिजाने मोबाइल बंद करून चांदणीच्या आईकडे, रुक्मिणीकाकूंकडे दिला. त्यांनी तो आतल्या कपाटात ठेवला. त्या दिवशी दर पाच मिनिटांनी तिचा हात पर्सकडे जात होता. शेवटी ती पहिलीतल्या मुलीसारखी ओळीखाली बोट धरून वाचू लागली. तासाभरात डोकं दुखायला लागलं. पुढच्या रविवारी दोघींनी जुनी रेकॉर्डिंग पानांशी ताडून पाहिली. आणखी एकच चूक निघाली, तेव्हा क्षितिजाला हायसं वाटलं.

तिसऱ्या रविवारी ती वाचता वाचता स्वतःच थांबली. हा नियम भाडेकरूलाही लागतो का, असं तिने विचारलं. इतके महिने ती नुसते शब्द उच्चारत होती. आज ते तिला कळत होते. चांदणी खुलली, उदाहरणं देत समजावत राहिली. काकूंनी ठेवलेला चहा गार झाला.

"बास गो आता," काकू दारातून म्हणाल्या. "पोरीला घरी जायचा हाय ना."

चांदणीने रेकॉर्डर बंद करायला हात पुढे केला.

"चारच पानं राहिलीत," क्षितिजा म्हणाली. "संपवूनच उठते."