खुंटी कुणी हलवली

मंगळवारी ऑरिन टकेटला पुरलं आणि गुरुवारी त्याच्या मरणाचं रीळ त्याच्या मुलीच्या टेबलावर आलं.

अल्मा हॉलिवूडच्या त्या कंपनीत अकरा वर्षं संकलन करत होती. नेपोलियनच्या लढायांवरचा हा चित्रपट तिच्याकडेच होता. खातेप्रमुख हॅल्डेनसाहेबांनी रजा घ्यायला सांगितलं होतं. तिने घेतली नाही.

ऑरिनचा धंदा चित्रपटांत घोड्यासकट पडण्याचा. जमिनीत लोखंडी खुंटी गाडायची, तिची तार घोड्याच्या पुढच्या पायांना बांधायची. तार संपली की भरधाव घोडा कोसळतो, आणि कोसळतो तिथे माती खणून वाळू भरलेली असते. हे अंतर स्वार स्वतः पावलांनी मोजतो. त्याने एकदा खुंटी ठोकली की तिला कुणी हात लावायचा नाही, असा या लोकांचा रिवाज.

ऑरिन वाळूच्या पलीकडे, दगडांवर पडला. वयोमानाने अंदाज चुकला, असं कंपनीने वर्तमानपत्राला कळवून टाकलं. त्याचा जुना जोडीदार क्लीटससुद्धा शवपेटीपाशी टोपी फिरवत म्हणाला की म्हाताऱ्याने वेळेवर थांबायला हवं होतं. ते अल्माला कंपनीच्या पत्रकापेक्षा जास्त लागलं. तेवीस वर्षं ज्यात तो चुकला नाही, तीच चूक त्याच्या नावावर लावून त्याला मातीत घातलं होतं.

तिने रीळ यंत्रावर चढवलं. दृश्याच्या क्रमांकाची पाटी दाखवण्याआधीचा तुकडा कापून फेकायचाच असतो. नवं रीळ भरलं की कॅमेरावाला थोडं फिरवून बघतो, तेवढंच त्यात असतं. या वेळी तो थांबवायला विसरला असावा. तुकड्यात दिग्दर्शक हात लांब करून दाखवत होता, आणि दोन माणसं खुंटी उपटून पंधरा पावलं पुढे, कॅमेऱ्याजवळ ठोकत होती. दूर झाडाखाली ऑरिन पाठमोरा बसून जेवत होता.

अल्माने ते तीनदा पाहिलं. चौथ्या वेळी मागे हॅल्डेन उभे होते. तीनशे माणसांचं पोट या चित्रपटावर आहे, असं ते बराच वेळ हळू आवाजात समजावत राहिले. तुकडा संध्याकाळपर्यंत त्यांच्या टेबलावर हवा होता.

"पोरी, त्याने तुझा बाप परत येणार आहे का?"

"नाही. अंदाज कुणाचा चुकला ते कळेल."

"कुणाला कळून काय होणार?"

"ज्यांना उद्या पुन्हा पडायचंय, त्यांना."

दुपारी तिने क्लीटसला बोलावून घेतलं. तो यंत्रावर वाकला, म्हणाला, पुन्हा लाव. मग बराच वेळ सरळच झाला नाही.

"आणि मी त्याच्या पेटीपाशी उभा राहून काय बरळलो."

"जे बोललास ते बोललास. आता काय बोलणार आहेस?"

तिने तुकडा कापून त्याच्या खिशात घातला. संध्याकाळी हॅल्डेनना सांगितलं की तुकडा नाही, मिळणारही नाही. त्यांनी तिला दुसऱ्या दिवसापासून न येण्यास सांगितलं. सांगताना खिडकीकडे बघत होते.

शुक्रवारी डोंगरापलीकडच्या माळावर फ्रेंच घोडदळाच्या पोशाखातले, क्लीटस धरून अकरा स्वार घोड्यांशेजारी उभे राहिले. कुणी रिकिबीत पाय घालेना. दिग्दर्शकाने आधी शिव्या दिल्या, मग नवे स्वार आणण्याची धमकी. क्लीटसने तुकडा उन्हात धरून त्याला दाखवला आणि काय हवंय ते एका वाक्यात सांगितलं.

दुपारी अल्माच्या स्वयंपाकघरात फोन वाजला.

"दिग्दर्शक म्हणाला," क्लीटसने सांगितलं. "टकेटचं माप बरोबर होतं, खुंटी मी हलवली."

"सगळ्यांसमोर?"

"आधी पुटपुटला. मागच्यांना ऐकू आलं नाही, म्हणून मीच कर्णा नेऊन तोंडाशी धरला."

"दोन्ही वाक्यं पुन्हा म्हणाला?"

"दोन्ही."

अल्माने मान हलवली. फोनवर ती दिसत नाही हे तिच्या ध्यानातच आलं नाही. क्लीटस हॅलो, हॅलो करत राहिला.